एएम, पीएम म्हणजे काय अन् वेळ न चुकता वाचायची कशी

रब्बीचं ओलीत सुरू झालं की गावोगावच्या ग्रुपवर थ्री फेज लाईनचं टाइमटेबल फिरायला लागते. काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रातपाळी, आणि त्यात वेळ लिहिलेली असते १२:०० एएम ते ८:०० एएम. हे वाचून कितीतरी कास्तकार भर दुपारी बारा वाजता मोटार चालू करायला वावरात जातात, डीपीवर लाईन नाही म्हणून वायरमनला फोन लावतात, आणि ज्यांना रात्रीचे बारा हे बरोबर कळलं त्यांचाही घोळ राहतोच की सोमवारच्या खाली लिहिलेले रात्रीचे बारा म्हणजे रविवारची रात्र की सोमवारची रात्र. थंडीत जागली करून पाणी देणाऱ्या माणसाची एक रात्र अशी फुकट गेली तर ती काही छोटी गोष्ट नाही.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो. नवीन मोबाइल घेतलेले, पहिल्यांदा रेल्वेचं रिझर्व्हेशन करणारे, पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः भरायला बसलेले, सगळ्यांसाठी. याला इंग्रजी यायची गरज नाही, फक्त क्रमाने वाचा.

पायरी पहिली : ही अक्षरं कशाची ते समजून घ्या

घड्याळातले एएम आणि पीएम हे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच, ते लॅटिन आहेत, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतले. एएम म्हणजे आन्ते मेरिदिएम आणि पीएम म्हणजे पोस्त मेरिदिएम. आन्ते म्हणजे आधी, पोस्त म्हणजे नंतर, आणि मेरिदिएस म्हणजे मध्यान्ह, दिवसाचा मधला क्षण. तर एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी आणि पीएम म्हणजे मध्यान्हाच्या नंतर. बस, एवढाच अर्थ आहे.

शाळेत आपल्याला एएम म्हणजे सकाळ अन् पीएम म्हणजे संध्याकाळ असं सांगून मोकळे होतात, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. कारण रात्रीचा एक वाजला तर ती सकाळ नाही पण एएम आहे, आणि दुपारचा एक वाजला तर ती संध्याकाळ नाही पण पीएम आहे. सकाळ संध्याकाळ डोक्यातून काढून टाका. खुंटी एकच ठेवा, मध्यान्ह, म्हणजे दुपारचे बारा. त्याच्या अलीकडे एएम, पलीकडे पीएम.

हे शब्द किती जुने आहेत ते ऐकण्यासारखं आहे. रोममध्ये इसवी सन पूर्व ४५० च्या सुमारास बारा पाट्यांवर कायदा लिहून चौकात लावला होता, त्याला बारा फलकांचा कायदाच म्हणतात. त्यात कोर्टकचेरीचा एक नियम असा होता की दोन्ही बाजूंनी आपली बाजू आन्ते मेरिदिएम मांडावी, आणि पोस्त मेरिदिएम झालं तरी एक पक्ष आलाच नाही तर जो हजर असेल त्याच्या बाजूने निकाल द्यावा, आणि दोघंही हजर असले तर सूर्य मावळला की काम संपलं. म्हणजे बघा, हेच दोन शब्द त्या कायद्यात जसेच्या तसे आहेत. त्या काळी भिंतीवर घड्याळ नव्हतं, तर मध्यान्ह झाला हे सूर्याकडे बघून जाहीर करायला रोममध्ये माणूस असायचा, आणि ज्याचा खटला आहे त्याच्यासाठी तो पुकारा म्हणजे जिंकणं हरणं होतं.

पायरी दुसरी : तो संस्कृतवाला फॉरवर्ड बाजूला ठेवा

दर वर्षी एक मेसेज फिरतो की एएम म्हणजे आरोहणम् मार्तण्डस्य आणि पीएम म्हणजे पतनम् मार्तण्डस्य, सूर्याचं चढणं आणि सूर्याचं उतरणं, आणि इंग्रजांनी ते आपल्याकडून चोरलं. मेसेज पाठवणाऱ्याची भावना चांगली असते हे मान्य, पण ही गोष्ट खरी नाही. रोमन लोकांचे शब्द वर सांगितले तसे पाट्यांवर लिहिलेले होते आणि अक्षरं त्यांच्याच शब्दांची आहेत. आणि एक साधी गोष्ट बघा ना, रात्री दोन वाजता सूर्याचं आरोहण कुठे चालू असते? तरी ती वेळ एएमच आहे.

मला याचं वाईट यासाठी वाटते की आपल्याकडे खरोखरच स्वतःची मोजणी होती आणि ती खोट्या मेसेजमागे झाकली जाते. संस्कृतात मध्यान्हाच्या आधीला पूर्वाह्ण आणि नंतरला अपराह्ण म्हणतातच, त्यासाठी कोणाकडून काही चोरून घ्यायची गरज नव्हती. आपल्या धर्मशास्त्रात तर दिवसाचे पाच भाग आहेत, प्रातः, संगव, मध्यान्ह, अपराह्ण आणि सायाह्न, आणि श्राद्ध अपराह्णात करायचं, ही वाटणी पुरोहित आजही वापरतात. दिवसरात्र मिळून साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची, अडीच घटकांचा एक तास, आणि एका घटकेची साठ पळं. लग्नात पाण्याच्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायचे, ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका भरली असं आपण आजही म्हणतो ते तिथूनच आलं.

पायरी तिसरी : बाराचा घोळ सोडवा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका.

दुपारचे बरोबर बारा म्हणजे स्वतःच मध्यान्ह. तो मध्यान्हाच्या आधीही नाही आणि नंतरही नाही, मग त्याला एएम म्हणायचं की पीएम? खरं पाहिलं तर दोन्ही नाही, म्हणून जुन्या लिखाणात कुठे कुठे दुपारच्या बाराला नुसतं १२ एम लिहायचे, मेरिदिएसचा एम. पण मोबाइलला काहीतरी एक दाखवावंच लागते, आणि १२ वाजून एक सेकंद झाला की आपण मध्यान्हाच्या पलीकडे गेलोच, म्हणून सगळ्या डिजिटल घड्याळांनी ठरवलं की दुपारचे बारा म्हणजे १२:०० पीएम आणि रात्रीचे बारा म्हणजे १२:०० एएम. अमेरिकेत वेळेचं आणि मापाचं काम पाहणारी निस्ट ही सरकारी संस्था आहे, तीसुद्धा सांगते की बारासाठी ही अक्षरं वापरूच नका, सरळ दुपार किंवा मध्यरात्र असं लिहा. म्हणजे गोंधळ फक्त आपल्या गावात नाही, तो त्या अक्षरांमध्येच आहे, तेव्हा ज्याला कळत नाही त्याला हसू नका.

लक्षात ठेवायची युक्ती अशी, की एएम पीएमच्या पुढे १२ दिसला की मनात त्याला शून्य वाचा. १२:३० एएम म्हणजे शून्य तास तीस मिनिटं, दिवस नुकताच सुरू झाला, रात्रीचे साडेबारा. १२:३० पीएम म्हणजे मध्यान्हानंतर शून्य तास तीस मिनिटं, दुपारचे साडेबारा. मग १ एएम, २ एएम असं करत सकाळचे ११:५९ एएम पर्यंत, तिथून दुपारचे १२ पीएम, १ पीएम, आणि रात्रीचे ११:५९ पीएम पर्यंत. त्याच्या पुढच्या मिनिटाला पीएमचं एएमही झालं आणि तारीखही बदलली.

पायरी चौथी : कोणती रात्र, हे तारखेवरून ठरवा

इंग्रजी तारीख रात्री बारा वाजता बदलते, आपल्या मनातली रात्र मात्र झोपून उठेपर्यंत एकच असते. यात लोकांच्या गाड्या चुकतात. समजा तिकिटावर १५ तारीख आहे आणि वर्ध्याहून गाडी सुटायची वेळ ००:२०, म्हणजे रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं, लिहिली आहे. तर तुम्हाला १४ तारखेला रात्री जेवून स्टेशनवर जाऊन बसायचं आहे. जो माणूस १५ तारखेला रात्री जेवून निघेल त्याची गाडी जवळपास चोवीस तास आधी निघून गेलेली असेल, आणि ते तिकीट मग काही कामाचं नाही. म्हणून रात्री बारा ते पहाटे चार मधलं कोणतंही तिकीट काढलं की लगेच तिकिटाच्या तारखेच्या आदल्या वारावर कॅलेंडरमध्ये गोल करायचा आणि लिहायचं, या रात्री निघणे.

लाईटच्या टाइमटेबलचंही तसंच. सोमवार १२:०० एएम ते ८:०० एएम लिहिलं असेल तर रविवारी रात्री जेवण करून वावरात जा, सोमवार लागता लागता लाईन येईल. ग्रुपवर टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की असं टाका : रविवारी रात्री १२ ते सोमवारी सकाळी ८. चार शब्द जास्त लागतात पण कोणाची खेप वाया जात नाही.

ऑनलाइन फॉर्मवर शेवटची तारीख ३१, वेळ ११:५९ पीएम असं जे लिहितात ते याच भानगडीतून सुटण्यासाठी. नुसतं ३१ तारीख रात्री १२ लिहिलं तर ३० ची रात्र संपताना की ३१ ची, यावर भांडण होते, ११:५९ पीएम लिहिलं की ३१ चा पूर्ण दिवस तुमचा. पण म्हणून रात्री अकरापर्यंत थांबू नका बावा, शेवटच्या रात्री साईट चालत नाही हे तालुक्यातला कोणताही सेतूवाला सांगेल.

पंचांगात आणखी वेगळं आहे, तिथे वार सूर्योदयाला बदलतो. मंगळवारी रात्री दोन वाजता, म्हणजे २ एएम ला, पोरगं झालं तर जन्मदाखल्यावर मंगळवारची तारीख पडणार आणि पत्रिका करणारा तिला सोमवारच धरणार, कारण मंगळवारचा सूर्य अजून उगवला नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पत्रिका करायला देताना वेळ अशी सांगा : सोमवारची रात्र, मंगळवार उजाडता, दोन वाजून इतकी मिनिटं, आणि इंग्रजी तारीख ही. नुसतं दोन वाजता सांगितलं अन् समोरच्याने दुपारचे धरले तर लग्नच बदलून जाते, पत्रिकेतलं लग्न म्हणतोय मी, ते साधारण दोन दोन तासाला बदलते. काही पंचांगात २६:१० अशीही वेळ दिसेल, घाबरू नका, त्यातून २४ वजा करा, रात्रीचे २ वाजून १० मिनिटं, फक्त पंचांगाने दिवस अजून आधीचाच धरला आहे.

पायरी पाचवी : चोवीस तासाचं घड्याळ शिकून घ्या

हे सोपं आहे. ०० म्हणजे रात्रीचे बारा, १ ते १२ जसं आहे तसं, १३ पासून पुढे १२ वजा करा. १४:३० म्हणजे दुपारचे अडीच, १८:१५ म्हणजे संध्याकाळचे सव्वासहा, २१:०० म्हणजे रात्रीचे नऊ. रेल्वेचं सगळं असंच असते. याच्यात एएम पीएम लागतच नाही, आणि मला विचाराल तर गावातल्या प्रत्येक मोबाइलवर हेच ठेवायला पाहिजे. सेटिंगमध्ये जा, तारीख आणि वेळ शोधा, तिथे २४ तासाचं घड्याळ असा पर्याय असतो तो चालू करा. पहाटे पाचचा अलार्म संध्याकाळी पाचला वाजायचा प्रकार त्याच दिवशी बंद होतो.

मोबाइलची भाषा मराठी केली असेल तर काही फोनमध्ये एएमच्या जागी म.पू. आणि पीएमच्या जागी म.उ. दिसते. ते मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर, तोच अर्थ.

पायरी सहावी : खरा मध्यान्ह एकदा डोळ्याने बघा

ही पायरी केली नाही तरी काम अडत नाही, पण पोरांना घेऊन नक्की करा, कारण त्यानंतर एएम पीएम पाठ करावं लागत नाही. हिवाळ्यातला एक स्वच्छ दिवस निवडा, अंगणात सपाट जागेवर एक सरळ काठी उभी रोवा, ओळंबा लावून घेतली तर आणखी चांगलं. अकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर एक खडा ठेवा आणि दर पाच मिनिटांनी नवीन खडा ठेवत जा, एक वाजेपर्यंत. सावली आधी आखूड होत जाईल, एका खड्याला सगळ्यात आखूड होईल आणि मग परत लांबायला लागेल. तो सगळ्यात आखूड सावलीचा खडा म्हणजे मेरिदिएस. त्याच्या पश्चिमेकडचे सगळे खडे एएम, पूर्वेकडचे सगळे पीएम. आपल्या शुल्बसूत्रांत यज्ञाची वेदी आखायला पूर्व पश्चिम दिशा काढायची तीसुद्धा अशीच शंकू म्हणजे सरळ खुंटी रोवून, भोवती वर्तुळ काढून, सावलीचं टोक सकाळी आणि दुपारी वर्तुळाला जिथे शिवते ते दोन बिंदू जोडून.

आता मोबाइलमध्ये वेळ बघा. बहुतेक दिवशी बारा वाजलेले नसतील, बारा वाजून काही मिनिटं झालेली असतील. काहून? कारण आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, जो मिर्झापूरजवळून जातो, आणि विदर्भ त्याच्या पश्चिमेला आहे. एक अंश फिरायला पृथ्वीला चार मिनिटं लागतात. नागपूर ७९ अंशाच्या थोडं पुढे, म्हणून नागपूरचा मध्यान्ह सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी. गोंदियाचा त्याच्या चारपाच मिनिटं आधी, आणि बुलढाण्याचा साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. एकाच विदर्भात पाव तासाचा फरक. शिवाय पृथ्वीची सूर्याभोवतीची चाल वर्षभर सारखी नसते आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यात नागपूरचा मध्यान्ह १२:२८ च्या आसपास जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११:५७ च्या आसपास येतो. म्हणजे नोव्हेंबरच्या त्या दिवसांत मोबाइल एएम दाखवत असताना सूर्य आधीच पोस्त मेरिदिएम झालेला असतो, अन् फेब्रुवारीत मोबाइल पीएम म्हणते तरी सूर्य अर्धा तास आन्तेच असतो. आजचे एएम पीएम हे सूर्याचे नाही राहिले, ते एका ठरवलेल्या वेळेचे झाले.

ही एकच वेळ सगळ्या देशाला १ जानेवारी १९०६ पासून लागली. त्याच्या आधी मोठ्या शहरांची आपापली वेळ चालायची आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची. मुंबईने तर प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आपला विदर्भ तेव्हा आधी मध्यप्रांत वऱ्हाडात आणि १९५० पासून मध्य प्रदेशात होता, मुंबईच्या वेळेशी आपला संबंध नव्हता.

एक गोष्ट, हा प्रयोग मे महिन्याच्या शेवटी कराल तर वेगळंच दिसेल. नागपूरला २६ मेच्या आसपास सूर्य मध्यान्हाला बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली गायबच होते, चंद्रपूरला ते आणखी पाचसहा दिवस आधी, मेच्या २० तारखेच्या सुमारास. याला शून्य सावली दिवस म्हणतात. जुलैमध्ये परत एकदा येतो पण तेव्हा आभाळ असते. तो दिवस पाहायचा असेल तर पोरांच्या डोक्यावर दुपट्टा बांधा आणि दोन मिनिटांत सावलीत परत आणा, आपल्याकडचं मेचं ऊन काही खेळ नाही.

पायरी सातवी : दुसऱ्याला वेळ कळवताना

आपल्या लग्नपत्रिका या बाबतीत फार चांगल्या. स. म्हणजे सकाळी, दु. म्हणजे दुपारी, सायं. म्हणजे सायंकाळी, रा. म्हणजे रात्री, वा. म्हणजे वाजता, मि. म्हणजे मिनिटं. दु. १२ वा. ३५ मि. लिहिलं की त्यात कोणाला शंका येत नाही. मेसेज टाकतानाही तसंच लिहा, वार लिहा, तारीख लिहा, आणि मध्यरात्रीच्या आसपासचं असेल तर दोन्ही वार लिहा. पहाट हा शब्द फार उपयोगाचा आहे, ४ एएम लिहिण्यापेक्षा पहाटे ४ लिहिलं तर आजोबालाही कळते अन् पाचवीतल्या पोरालाही. परगावचा माणूस किंवा ऑफिसातला साहेब असेल तर चोवीस तासाची वेळ सोबत टाका.

जाता जाता डॉक्टरच्या चिठ्ठीबद्दल

तेच दोन लॅटिन शब्द आणखी एका जागी भेटतात राजेहो, म्हणून सांगतो. काही डॉक्टर गोळीच्या पुढे एसी किंवा पीसी लिहितात. तो एसी थंड हवेचा नाही, आन्ते सिबुम, म्हणजे जेवणाच्या आधी, आणि पीसी म्हणजे पोस्त सिबुम, जेवणाच्या नंतर. आन्ते आणि पोस्त तेच, फक्त मध्यान्हाच्या जागी जेवण आलं. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. हे माहीत असावं, पण नुसत्या माहितीवर गोळी घेऊ नका, कारण अक्षर वाचण्यात चूक होऊ शकते. मेडिकलमध्ये गोळी घेताना पाकिटावर मराठीत लिहून मागा, सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी की जेवणानंतर, आणि घरी म्हातारं माणूस असेल तर प्रत्येक गोळीचं पाकीट वेगळं ठेवा.